एजंटने लिहिलेला कोड माणसापुढे येण्याआधी

प्रश्न असा आहे. गोव्यात पर्वरीला सहा जणांची टीम आहे, छोटी हॉटेले आणि गेस्ट हाउस यांच्यासाठी बुकिंग आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर करते. गेल्या काही महिन्यांत निम्म्याहून जास्त कोड एआय एजंट लिहू लागला आहे. दिवसाला दहा-बारा पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे मुख्य कोडमध्ये बदल घेण्याच्या विनंत्या) येतात आणि तपासायला टीम लीड एकटीच. ती विचारते, "मी बघण्याआधी आपोआप काय काय तपासून घेता येईल? एआय रिव्ह्यूअर लावून पाहिला, पण तो एकेका पीआरवर तीस-तीस शेरे मारतो. आता कोडही वाचायचा आणि त्याचे शेरेही."

ताई, साधनांची नावे सांगेनच, पण त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. तुमचाही धंदा बिलांचाच आहे, म्हणून ती तुमच्या जास्त उपयोगाची.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोल्यांवरचा जीएसटी बदलला. एका खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के, त्याच्या वर पूर्वीसारखेच १८ टक्के. काम लहान म्हणून आम्ही ते एजंटकडे दिले. दर बदलताना त्याने ते जुने फंक्शनही नीटनेटके करून टाकले, सोबत चौदा टेस्ट लिहिल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. लिंटरची (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणाऱ्या साधनाची) तक्रार नाही, टाइप चेकरची (मूल्यांचे प्रकार जुळतात का ते बघणाऱ्याची) नाही, कव्हरेज (टेस्टमध्ये चाललेल्या ओळींचे प्रमाण) भरपूर. मी वरवर वाचून मंजुरी दिली. दोन दिवसांनी पेडण्याच्या एका गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंचा फोन आला, "माझ्या तीन हजारांच्या खोलीला अठरा टक्के कसे काय लागले?" पाहुणे तीन रात्री राहिले होते. एजंटने ७,५०० ची मर्यादा रोजच्या भाड्याला न लावता एकूण ९,००० ला लावली होती. ४५० रुपयांच्या जागी १,६२० रुपये कर. आमच्या जुन्या टेस्ट सगळ्या एकाच रात्रीच्या होत्या, त्यामुळे त्यांना काही कळले नाही. नव्या चौदा टेस्ट ज्या समजुतीतून कोड आला त्याच समजुतीतून आल्या होत्या. चुकीच्या उत्तराला त्या बरोबर म्हणत होत्या.

त्या दिवसापासून माझ्या टीममध्ये एक नियम पाळला जातो, आणि पुढे जे सांगतो ते सगळे त्यातूनच येते: ज्या मापाने एजंटचे काम मोजायचे, ते माप एजंटच्या हातात द्यायचे नाही. लिंटर कोणता, स्कॅनर कोणता, हे प्रश्न त्यानंतरचे.

आता क्रमाने. सगळ्यात स्वस्त तपासणी सगळ्यात आधी, आणि ती एजंट काम करत असतानाच. फॉरमॅटर, लिंटर, टाइप चेकर. पायथन असेल तर रफ आणि मायपाय, टाइपस्क्रिप्ट असेल तर ईएसलिंट आणि भाषेचा स्वतःचा कंपायलर. लिंटर ही काही आजची कल्पना नाही. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये 'लिंट' लिहिले, ते सी भाषेचा कंपायलर जे निमूटपणे जाऊ देई ते पकडण्यासाठी. क्लॉड कोडसारख्या एजंटच्या साधनांत हुक लावता येतो: एजंटने फाइल बदलली की तेवढ्या फाइलवर ही तपासणी चालते आणि चूक त्याला तिथल्या तिथे दिसते. यात दोन गोष्टी सांभाळा. तपासणी काही सेकंदांत संपली पाहिजे. आणि चुकीचा संदेश असा हवा की वाचणाऱ्याला पुढे काय करायचे ते समजेल. "नियम मोडला" एवढेच लिहिले तर एजंट अंदाज बांधतो आणि अंदाजाने कोड फिरवत बसतो. "पैशांसाठी फ्लोट (दशांश संख्या) वापरू नका, पैसे पूर्णांकात ठेवा, उदाहरण अमुक फाइलमध्ये आहे" असे लिहिले की बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत दुरुस्त होते. लिंटरचे संदेश लिहिण्यात आम्ही एक आख्खा आठवडा घातला. त्या आठवड्याइतके फळ दुसऱ्या कुठल्याही कामाने दिले नाही.

कोडचे बदल नोंदवणाऱ्या गिटच्या प्री-कमिट हुकवर, म्हणजे नोंदीआधी चालणाऱ्या तपासणीवर, मात्र विसंबू नका. 'नो-व्हेरिफाय' हा पर्याय दिला की तो हुक बाजूला पडतो. घाईतली माणसे तो देतात, आणि हुक अडवतो असे दिसले की एजंटही देतो. म्हणून तीच तपासणी सीआयवर (प्रत्येक बदलावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) पुन्हा चालली पाहिजे आणि ती पास झाल्याशिवाय बदल मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये, मर्ज होता कामा नये. ब्रँच प्रोटेक्शनमध्ये हे बंधन घालता येते. ते मोडण्याचा अधिकार एजंटच्या टोकनला (प्रवेशाच्या किल्लीला) नसावा.

यापुढचा भाग बहुतेक टीम सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथेच हवे.

एजंटला हिरवा दिवा लावायचा असतो. कोड सुधारून लागला तर उत्तम, नाहीतर तपासणी सैल करूनही लागतो. यात त्याचा हेतू शोधू नका, साध्य दिले की तो सगळ्यात जवळची वाट धरतो. टाइप जुळत नसेल तर 'एनी' (कोणताही प्रकार चालेल) लिहितो. लिंटर ओरडला की त्या ओळीवर दुर्लक्षाची टिप्पणी टाकतो. टेस्ट पडली तर ती 'स्किप' करतो, किंवा अपेक्षित उत्तरच बदलतो. एरर येत असेल तर सगळे अपवाद गिळून टाकणारा रिकामा ब्लॉक लिहितो. कधी सीआयच्या फाइलमध्ये जाऊन ती पायरीच 'अपयश चालेल' अशी करून ठेवतो. या सगळ्यानंतर तुमच्यापुढे येणारा पीआर हिरवाच असतो. कुंपणच शेत खाऊ लागले तर राखणदार ठेवून काय उपयोग?

यावर उपाय साधा आहे, त्याला महागडे साधन लागत नाही. चाळीस-पन्नास ओळींची एक स्क्रिप्ट लिहा. ती फक्त डिफ, म्हणजे बदललेल्या ओळी, बघेल आणि मोजेल: दुर्लक्षाच्या टिप्पण्या किती वाढल्या, 'एनी' किती वाढले, स्किप केलेल्या टेस्ट किती, पुसलेले असर्शन (टेस्टमधली उत्तर तपासणारी ओळ) किती, रिकामे अपवाद किती. मुख्य ब्रँचवर आज जो आकडा आहे तो कमी झाला तर चालेल, वाढला तर पीआर अडवायचा. जुना ढीग एका दिवसात उपसायचा प्रयत्न करू नका, नवा साठू देऊ नका एवढे पुरे. दुसरे म्हणजे फायलींवर मालकी लावा. लिंटरची आणि टाइप चेकरची कॉन्फिगरेशन, सीआयच्या फायली, ही मोजणारी स्क्रिप्ट आणि पुढे सांगतो तो टेस्टचा फोल्डर, यांना कोडओनर्समध्ये (कोणत्या फाइलला कोणाची मंजुरी लागते त्या यादीत) माणसाचे नाव हवे. एजंटने यातल्या कशालाही हात लावला तर पीआर आपोआप वेगळ्या रांगेत जातो आणि तो मीच बघतो. एजंटला असा बदल खरोखरच गरजेचा वाटला तर त्याने तो स्वतंत्र पीआरमध्ये, कारण लिहून मागायचा. फीचरच्या पोटात लपवून नाही.

सुरक्षेच्या तपासण्या थोडक्यात सांगतो, त्या तयार मिळतात. पासवर्ड आणि किल्ल्या कोडमध्ये राहू नयेत म्हणून गिटलीक्स. धोक्याचे नमुने पकडायला सेमग्रेप किंवा कोडक्यूएल. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मुद्दाम जोखमीचे ८९ प्रसंग निवडून कोपायलट या कोड लिहिणाऱ्या एआयकडून १,६८९ प्रोग्रॅम लिहून घेतले, त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांत सुरक्षेच्या त्रुटी निघाल्या. मॉडेल त्यानंतर पुष्कळ सुधारली आहेत, पण मजकुराचे तुकडे (स्ट्रिंग) जोडून डेटाबेसची क्वेरी बनवण्याची खोड पूर्ण गेलेली मी अजून पाहिलेली नाही. गोव्यात तर ती पहिल्याच दिवशी उघडी पडते. आपल्याकडचे डिसोझा आडनाव रोमन लिपीत लिहिताना 'डी'नंतर अपॉस्ट्रॉफी येतो, आणि ते नाव पाहुण्यांच्या यादीत टाकले की अशी क्वेरी तुटते. आमच्या प्रत्येक टेस्ट डेटाबेसमध्ये पहिला पाहुणा डिसोझाच असतो, दुसरा देवनागरीत नाव लिहिणारा. स्कॅनरच्या जोडीला ही एवढी काळजी घ्याच.

पॅकेजांचा, म्हणजे बाहेरून आणलेल्या तयार कोडचा, प्रश्न एजंटमुळे नव्या रूपात आला आहे. मॉडेल कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव खात्रीने लिहिते. २०२५ च्या युसेनिक्स सुरक्षा परिषदेत मांडलेल्या अभ्यासात १६ मॉडेलांकडून पायथन आणि जावास्क्रिप्टचे ५,७६,००० नमुने घेतले होते. सुचवलेल्या पॅकेजांपैकी १९.७ टक्के खोटी निघाली. त्याहून काळजीची बाब म्हणजे तीच खोटी नावे पुन्हा पुन्हा येतात: तोच प्रश्न दहा वेळा विचारल्यावर ४३ टक्के खोटी नावे दहाही वेळा आली. म्हणजे कोणी आधीच त्या नावाचे घातक पॅकेज नोंदवून ठेवले तर ते सरळ तुमच्या सर्व्हरवर उतरेल. पॅकेज अस्तित्वात आहे का एवढे तपासून हे भागत नाही, कारण हल्लेखोराने नोंदवले की ते अस्तित्वात येते. आमच्याकडे मंजूर पॅकेजांची यादी आहे. यादीबाहेरचे नाव आले की सीआय थांबते आणि माणूस ठरवतो. महिन्यातून दोन-तीनदा असा प्रसंग येतो, त्याचा त्रास काही नाही. इन्स्टॉल नेहमी लॉकफाइलवरूनच (ठरलेल्या आवृत्त्यांच्या यादीवरूनच).

आता टेस्ट. यात जास्त वेळ घालवा.

कव्हरेजचा आकडा अमुक ओळ चालली एवढेच सांगतो, ती बरोबर चालली की नाही ते सांगत नाही. एजंट कव्हरेज सहज वाढवतो, त्यामुळे त्या आकड्यावर दार बसवले तर हाती पोकळ टेस्ट लागतात. त्याऐवजी म्युटेशन टेस्टिंग लावा: पायथनला म्युटमट, जावास्क्रिप्टला स्ट्रायकर, जावाला पीआयटी. हे साधन तुमच्या कोडमध्ये मुद्दाम बारीक चुका करते, 'पेक्षा लहान किंवा समान'चे नुसते 'पेक्षा लहान' करते, अधिकचे उणे करते, आणि बघते की एखादी तरी टेस्ट पडते का. एकही पडली नाही तर तिथे टेस्ट असून नसल्यासारखी. ७,५०० रुपयांच्याच खोलीला ५ टक्के लागतात की १८, ही सीमा कोणी तपासली आहे का, ते असे लगेच कळते. मात्र हे साधन संथ आहे. पूर्ण कोडवर चालवू नका, डिफमधल्या फायलींवरच चालवा, आणि तेही फक्त पैसे, तारखा आणि खोल्यांची उपलब्धता यांच्या मॉड्यूलवर.

पण प्रामाणिकपणे सांगायला हवे, माझी ती चूक म्युटेशन टेस्टिंगने पकडली नसती. एजंटच्या चौदा टेस्ट त्याच्या कोडला घट्ट चिकटलेल्या होत्या, कोड हलवला असता तर त्या पडल्याच असत्या. कोड आणि टेस्ट एकमेकांशी जुळतात का, एवढेच त्या साधनाला कळते. जीएसटीचा नियम त्याला ठाऊक नाही.

ती चूक दोन गोष्टींनी पकडली असती. पहिली, गुणधर्मांवर आधारलेल्या टेस्ट. हास्केल भाषेतल्या क्विकचेकपासून ही पद्धत रुळली, पायथनमध्ये त्यासाठी हायपोथेसिस आहे, जावास्क्रिप्टमध्ये फास्ट-चेक. यात तुम्ही एकेक उदाहरण लिहीत नाही, कायम खरे राहायला हवे असे विधान लिहिता आणि साधन शेकडो आकडे घालून ते खोटे पाडू बघते. "भाडे रोज सारखेच असेल तर तीन रात्रींच्या एकत्र बिलावरचा कर हा एकेका रात्रीच्या तीन बिलांच्या कराच्या बेरजेइतकाच असला पाहिजे." राउंडिंगपुरता पैशा-दोन पैशांचा फरक सोडा. हे एक विधान असते तर तो पीआर पाच सेकंदांत लाल झाला असता. तुमच्या धंद्यातली आणखी अशी विधाने: एकच खोली एकाच रात्री दोघांना विकली जात नाही. बुकिंग रद्द केले की उपलब्धता पूर्वीइतकी होते. आगाऊ रक्कम आणि बाकी मिळून बिल होते. ही विधाने माणसाने लिहायची, आणि शक्यतो धंदा कळणाऱ्या माणसाने सांगायची. एजंट ती चालवील, वाचील, त्यांवर हरकतही घेईल. बदलणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. आमचे हिशेब बघणारे म्हापशाचे एक ज्येष्ठ अकाउंटंट आहेत. त्यांच्याकडून मी पंचवीस बिले हाताने करून घेतली: एक रात्र, तीन रात्री, दोन वेगळ्या दरांच्या खोल्या, मध्येच खोली बदललेली, ७,५०० बरोबर, ७,५०१, दर बदलण्याच्या आधीचे जुने बिल पुन्हा छापायचे. ती बिले एका फोल्डरमध्ये आहेत, मालकी त्यांच्या आणि माझ्या नावावर. कायदा बदलला की आधी ते कागदावर नवी बिले करतात, आम्ही ती फोल्डरमध्ये टाकतो, सीआय लाल होते, आणि मग एजंटला सांगतो, आता हे हिरवे कर. कोडच्या आधी उत्तर माणसाकडून येते. अकाउंटंटची एक सकाळ जाते. बदल्यात पेडण्याहून फोन येत नाही.

एक वेगळी चूक इथेच सांगून टाकतो, कारण गोव्यात ती हमखास घडते. सीआयचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. मोपा विमानतळावर रात्री उशिरा उतरलेला पाहुणा पहाटे दोनला चेक-इन करतो, तेव्हा यूटीसीत आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. तारीख एक दिवस मागे जाते आणि बिलात एक रात्र जास्त लागते. एजंट तारखेचा कोड लिहिताना स्थानिक वेळ आणि यूटीसी सर्रास मिसळतो. टेस्टचा सगळा संच दोनदा चालवा, एकदा यूटीसीत, एकदा भारतीय वेळेत. खर्च दोन-तीन मिनिटांचा.

आता तुमचा तो तीस शेरे मारणारा रिव्ह्यूअर. तो काढून टाका असे मी म्हणणार नाही, त्याची जागा बदला. तो सगळ्यात शेवटी यावा, वरच्या सगळ्या तपासण्या पार पडल्यावरच, आणि त्याला पीआर अडवण्याचा अधिकार नसावा. एकच मॉडेल कोड लिहिते आणि तेच तपासते तेव्हा त्याचे आंधळे कोपरे दोन्हीकडे तेच असतात, म्हणून मॉडेल वेगळे ठेवा आणि लिहिणाऱ्याचे संभाषण त्याला दाखवू नका. नाहीतर लिहिणाऱ्याचे समर्थन त्याला आधीच पटलेले असते. "कोड तपास" असे मोघम सांगू नका. आम्ही त्याला तिकीट (मागितलेल्या कामाची नोंद) आणि डिफ देतो आणि दोनच प्रश्न विचारतो: तिकिटात नसलेले काय बदलले आहे? तिकिटात असलेले काय राहिले आहे? जास्तीत जास्त तीन शेरे, प्रत्येकाला फाइल आणि ओळ. जीएसटीच्या त्या पीआरवर पहिल्याच प्रश्नाचे उत्तर आले असते की फंक्शन नव्याने लिहिले आहे, आणि मी तिथे थांबलो असतो. दोन आठवडे मोजा, त्याच्या शेऱ्यांपैकी कितींमुळे कोड खरोखर बदलला. तिसरा हिस्साही नसेल तर प्रश्न आणखी अरुंद करा.

माझे आजोळ चोडणचे. तिथल्या खाजन शेतीत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) बांधाला मानस असते, लाकडी दारांची. भरती आली की पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटतात, ओहोटीला शेतातले जास्तीचे पाणी ती उघडून बाहेर जाते. मध्यरात्रीच्या भरतीला कोणी उठून जायची गरज नाही. पण खेकडे बांधाला बिळे पाडतात, ती मानशीला कळत नाहीत, त्यासाठी बांधावरून चालणारा माणूस लागतो. आजोबा रोज संध्याकाळी बांधावरून फिरून येत. तुमचा वेळ त्या फेरीसाठी मोकळा व्हायला हवा.

त्यासाठी आकाराचे दारही बसवा. सिस्को कंपनीतल्या कोड रिव्ह्यूंवरचा २००६ चा प्रसिद्ध अभ्यास सांगतो की एका बैठकीत २०० ते ४०० ओळींच्या पुढे गेले की माणसाला चुका सापडण्याचे प्रमाण घसरते. माणसाचा डोळा तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे. लॉकफाइल आणि आपोआप तयार झालेल्या फायली सोडून ४०० ओळींहून मोठा पीआर सीआयनेच परत पाठवावा आणि एजंटला तुकडे करायला सांगावे. तो तक्रार न करता करतो.

सगळे एकदम लावू नका. पहिल्या आठवड्यात सीआयवरचे लिंटर आणि टाइप चेकर, ब्रँच प्रोटेक्शन आणि ती मोजणारी स्क्रिप्ट. दुसऱ्या आठवड्यात अकाउंटंटची बिले आणि चार-पाच विधाने. म्युटेशन त्यानंतर, सुरुवातीला रात्रीच्या फेरीत. पीआर उघडल्यापासून निकाल लागेपर्यंत दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. आणि कधी पास, कधी नापास होणारी टेस्ट दिसली की त्याच दिवशी बाजूला काढून दुरुस्तीला लावा. लाल दिवा खोटा असू शकतो हे टीमला एकदा सवयीचे झाले की खरा लालही कोणी बघत नाही.

आणि आत्ता तुमच्या रांगेत जे पीआर पडून आहेत, त्यांतले ४०० ओळींच्या वरचे आजच बंद करा. तिकिटे तशीच राहू द्या. दारे बसली की एजंट तेच काम पुन्हा, लहान तुकड्यांत, थोड्या वेळात करून देईल. जुने वाचण्यात तुमचे दोन दिवस जातील ते वेगळेच.